धुरा कोरणाऱ्यांच्या गावात रूसो

प्रश्न : सर, मी परभणीत अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अठराव्या शतकातला राजकीय विचारवंत रूसो याची 'सामूहिक ईहा' (General Will, म्हणजे सगळ्यांची मिळून एक इच्छा) पाठ झाली, पण डोक्यात शिरत नाही. ती म्हणजे बहुमतच ना? मग वेगळं नाव काहून? आणि ज्यानं स्वतःची पाच लेकरं अनाथालयात टाकली, त्याचं मुलांच्या शिक्षणावरचं पुस्तक 'एमिल' आपण का वाचावं?
— एक वाचक, वसमत

उत्तर : बेटा, 31 वर्षं मी हा शब्द फळ्यावर लिहिला. कळला मात्र निवृत्तीनंतर, आमच्या गावच्या ग्रामसभेत.

आमच्या शिवारात एक पाणंद, म्हणजे शेतात जायचा सामायिक रस्ता, आहे. तीही नकाशात. जमिनीवर पायवाट उरली होती. पावसाळ्यात गाडी जायची नाही, सोयाबीनचे कट्टे डोक्यावर आणावे लागायचे. पाणंद मोकळी करायचा ठराव आला, सगळे हात वर. माझाही. मोजणीवाले आले त्या दिवशी मात्र जो तो म्हणू लागला, "तिकडून धरा, आमचा धुरा, हा बांध, आजोबाच्या वेळचा आहे." मीही तेच म्हणालो. आमच्या वडिलांनी दर उन्हाळ्यात नांगराचं एकेक तास, म्हणजे एकेक ओळ, सरकवत सातेक फूट पाणंद पोटात घातली होती, हे मला पक्कं माहीत असताना.

मोजणीच्या दिवशी मतं घेतली असती तर पाणंद बहुमतानं बुडाली असती. प्रत्येकाच्या स्वार्थाची ही जी बेरीज, तिला रूसो 'सर्वांची इच्छा' म्हणतो. सामूहिक ईहा निराळी. तिची नजर फक्त सगळ्यांच्या हिताकडे. 'सामाजिक करार' या पुस्तकात (1762) तो सांगतो की कायद्यावर मत देताना नागरिकाला 'हे तुला आवडतं का' असं विचारलेलं नसतं. 'हे सामूहिक ईहेला धरून आहे का' असं विचारलेलं असतं. ग्रामसभेत हात वर करताना आम्ही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, टेप पसरल्यावर पहिल्याचं.

रूसोच्या डोळ्यांपुढं त्याच्या जन्मगावासारखं, म्हणजे जिनिव्हासारखं, छोटं नगर होतं, लोकांनी स्वतः जमून कायदे करायचं. प्रतिनिधींवर त्याचा भरवसा नव्हता. इंग्रज स्वतःला स्वतंत्र समजतात, पण ते स्वतंत्र असतात फक्त निवडणुकीपुरते, मग पुन्हा गुलाम, असं त्यानं लिहून ठेवलंय. ग्रामसभा त्याला आवडली असती. कोरमअभावी तहकूब झालेली नाही, भरलेली.

एक जागा मात्र मला अजून खुपते. जो सामूहिक ईहा मानणार नाही, त्याला स्वतंत्र व्हायला भाग पाडलं जाईल, असं तो म्हणतो. आज पाणंदीपुरतं ठीक. उद्या एखादा दांडगा उठून 'गावाची ईहा म्हणजे मीच' म्हणाला तर? पेपरात टीका विचारली तर इथूनच सुरू कर.

आता लेकरांचं. रूसो 1712 साली जन्मला, काही दिवसांतच आई गेली. बाप घड्याळजी, मुलगा दहा वर्षांचा असताना भांडणापायी गाव सोडून गेला. पोरगं कोरीवकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला. एकदा फिरून यायला उशीर झाला, जिनिव्हाची वेस बंद दिसली, तसाच चालता झाला. सोळा वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढं पॅरिसात तेरेज लवासर या कपडे धुणाऱ्या बाईपासून झालेली पाचही मुलं त्यानं अनाथालयात दिली. गरिबी होती, तिथं ती बरी वाढतील, असलं काहीबाही त्यानं नंतर लिहिलं. मी त्याला सबबी म्हणतो. 1764 साली त्याचा विरोधक, लेखक व्होल्तेर यानं निनावी पत्रकातून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. पण त्याआधी दोन वर्षं 'एमिल'मध्ये रूसोनंच लिहिलं होतं की गरिबी असो की काम, लेकरं वाढवण्याच्या कर्तव्यातून बापाची सुटका नाही. जो हे कर्तव्य टाळेल तो पुढं रडेल.

पॅरिस आणि जिनिव्हात 'एमिल' जाळलं गेलं ते धर्मावरच्या मतांमुळं. तू ते वाच, पाचवा भाग तर रागानं वाच. मुलीला पुरुषाला आवडेल असं घडवायचं, हे तिथं आहे; स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टनं 1792 साली त्याचा समाचार घेतला, तोही शोध. बापाचा दोष आणि पुस्तक यांचा हिशेब मला सोपा नाही जमत. कोरलेल्या त्या सात फुटांतल्या ज्वारीवरच माझी फी भरली गेली.

पाणंद यंदा मे महिन्यात मोकळी झाली. आमच्याकडं सात नाही, साडेआठ फूट निघाले. धाकटा भाऊ अजून बोलत नाही.