जिन्यातला दिवा आपोआप लागायचा तर: मोशन सेन्सरबद्दल वाचकांचे प्रश्न

सेलवर चालणाऱ्या बिनतारी मोशन सेन्सरबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे: हा सेन्सर दिवसाचा जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो, आणि सेल टिकवायचा तर त्याने झोपलंच पाहिजे. बसवताना, जोडताना आणि दिव्याचा नियम लिहिताना हे लक्षात ठेवलं की निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

प्रश्न : दुमजली घराच्या जिन्यासाठी झिग्बीचा (कमी विजेत चालणाऱ्या बिनतारी पद्धतीचा) छोटा मोशन सेन्सर घेतला, सीआर २४५० या बटन सेलवाला. होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालवणारा छोटा संगणक आणि झिग्बीशी बोलणारा यूएसबी डोंगल आधीपासून आहे. जोडायला घेतलं की सेन्सर यादीत दिसतो, पण माहिती अर्धवट येते आणि हालचाल नोंदलीच जात नाही. सुरुवातीपासून नीट कसं करायचं? — वाचक, पुणे

आधी डोंगलकडे बघा. तो संगणकाच्या यूएसबी ३ च्या खोबणीत थेट खोचलेला असेल तर तिथून काढा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि झिग्बी त्याच पट्ट्यात बोलतं. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या, ती यूएसबी २ च्या पोर्टला लावा आणि डोंगल संगणकापासून व राउटरपासून लांब, मोकळ्यावर ठेवा. शे-दोनशे रुपयांच्या केबलने सुटणारी ही अडचण आहे, आणि लोक तिच्यापायी सेन्सर परत पाठवतात.

मग चॅनेल. झिग्बीला ११ ते २६ असे १६ चॅनेल आहेत. वायफायचा चॅनेल १ झिग्बीच्या ११ ते १४ वर सरळ पसरलेला असतो. राउटरमध्ये वायफाय १ वर आणि २० मेगाहर्ट्‌झ रुंदीवर पक्कं करा आणि झिग्बीला २० किंवा २५ द्या. सोसायटीत राहत असाल तर शेजाऱ्यांची वायफाय ६ आणि ११ वर असणारच, तेव्हा २५ बरा. हे पहिल्याच दिवशी ठरवा. पुढे चॅनेल बदलला तर झोपलेल्या सेन्सरांना तो निरोप पोचेलच असं नाही, आणि एकेक पुन्हा जोडत बसावं लागतं.

आता जोडणी. सेल बसवल्यावर मिनिटभर सेन्सरसमोर हालचाल करू नका, आतला घटक स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. संगणकावर नवीन उपकरण घेण्याची परवानगी चालू करा. ती ठरावीक वेळच उघडी राहते. झिग्बी-टू-एमक्यूटीटी या, झिग्बी उपकरणं होम असिस्टंटला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जास्तीत जास्त २५४ सेकंद. सेन्सरचं बटण साधारण ५ सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकला की सोडा. तुमचं नेमकं यापुढे चुकतंय. संगणक त्या क्षणी सेन्सरला विचारत असतो: तू कोण, तुझ्यात काय काय आहे. सेन्सर मात्र दोन-चार सेकंदांत झोपी जातो आणि उत्तर अर्ध्यावर तुटतं. म्हणून पडद्यावर ‘पूर्ण’ दिसेपर्यंत दर दोन सेकंदांनी बटण हलकेच टिचकीसारखं दाबत राहा. या वेळी धरून ठेवू नका, नाहीतर सेन्सर सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. अर्धवट राहिलेली नोंद आधी काढून टाका आणि मगच नव्याने जोडा.

जागा निवडताना एक गोष्ट पक्की ठेवा: माणूस सेन्सरसमोरून आडवा गेला पाहिजे. आत दोन संवेदनशील पट्ट्या उलट-सुलट जोडलेल्या असतात. शरीराची उष्णता आधी एकीवर आणि मग दुसरीवर पडली की फरक उमटतो. माणूस नाकासमोर सरळ चालत आला तर दोन्हींवर उष्णता जवळजवळ एकदमच वाढते आणि तो बराच जवळ येईपर्यंत सेन्सरला पत्ता लागत नाही. म्हणजे जिन्याच्या टोकाला, वर चढणाऱ्याच्या तोंडासमोर सेन्सर नको. बाजूच्या भिंतीवर, पहिल्या पायरीच्या रेषेत, दोन ते सव्वादोन मीटर उंचीवर हवा. काचेमागे ठेवून उपयोग नाही. शरीरातून निघणारे अवरक्त किरण खिडकीच्या काचेतून पलीकडे जातच नाहीत.

दोन बाजूंच्या चिकटपट्टीवर विसंबू नका. डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीची भुकटी सुटते आणि सेन्सर पहाटे पायरीवर पडलेला सापडतो. एक बारीक स्क्रू आणि प्लग पुरे.

दिवा मात्र स्मार्ट बल्बने चालवू नका. जिन्याला टू-वे खटके असतात. कुणी खालचा खटका बंद केला की बल्बच मेला. त्याऐवजी बोर्डमागे रिले मॉड्यूल (बिनतारी निरोपावर चालू-बंद होणारा छोटा खटका) बसवा, टू-वे खटक्यांची वायरिंग चालणारं. जुन्या वायरिंगमध्ये बोर्डात न्यूट्रल आलेला नसतो, तेव्हा मॉड्यूल घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून बघून घ्या आणि काम एमसीबी पाडूनच होऊ द्या.

नियम दोन लिहा. पहिला: हालचाल दिसली आणि उजेड १५ लक्सपेक्षा कमी असेल तर दिवा लाव. दुसरा: हालचाल संपून २ मिनिटं झाली की दिवा बंद. या दुसऱ्या नियमाला उजेडाची अट चुकूनही घालू नका. दिवा लागला की त्याचाच उजेड सेन्सरवर पडतो, अट खोटी ठरते आणि दिवा रात्रभर जळत राहतो. शिवाय पुष्कळ सेन्सर उजेडाचा आकडा फक्त हालचाल दिसली तरच पाठवतात, त्यामुळे पडद्यावरचा आकडा दुपारचाही असू शकतो. तसंच मधल्या दोन मिनिटांत संगणक रीस्टार्ट झाला तर ती मोजणी पुसली जाते. म्हणून ‘संगणक सुरू झाला, हालचाल नाही, तर जिन्याचा दिवा बंद’ असा तिसरा छोटा नियम ठेवलेला बरा.

प्रश्न : खोक्यावर सेल २ वर्षं चालेल असं लिहिलं होतं. आमच्या मागच्या पडवीतला सेन्सर पाच-सहा महिन्यांत सेल खातो. बदलल्यावर ॲप १०० टक्के दाखवतं आणि शेवटपर्यंत ८०च्या वरच असतं, मग एक दिवस सेन्सर गायब. घर जांभ्या दगडाचं आहे. सेल नकली निघतायत का? — वाचक, चिपळूण

सेलपेक्षा भिंतीवर संशय घ्या. हिशेब मांडून बघू. सीआर २४५० ची क्षमता ६०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. सेन्सर झोपेत ५ मायक्रोअँपिअर घेतो असं धरलं तर वर्षाला ४४ मिलिअँपिअर-तास गेले. एक निरोप पाठवायला २० मिलिअँपिअर, एका सेकंदाचा विसावा भाग. दिवसाला ३०० निरोप धरले तरी वर्षाचे ३० मिलिअँपिअर-तास. म्हणजे सगळं ठीक असेल तर दोन वर्षं हा दावा खोटा नाही.

आता जांभ्याची जाड, पावसाळ्यात ओल धरलेली भिंत मध्ये आणा. निरोप पोचल्याची पावती येत नाही. सेन्सर तोच निरोप पुन्हा पाठवतो, तरी नाही आली तर जाळं तुटलं असं समजून चॅनेल धुंडाळत बसतो. या शोधात रेडिओ २ सेकंद चालू राहिला तर एका शोधात ४० निरोपांची ऊर्जा जाते. दर पाच मिनिटांनी असं घडलं तर दिवसाला ३.२ मिलिअँपिअर-तास, आणि ६०० चा सेल जेमतेम सहा महिने. तुमचा आकडा तंतोतंत तोच आहे.

उपाय म्हणजे मध्ये एक रिपीटर, निरोप पुढे ढकलणारं उपकरण. झिग्बीमध्ये कायम विजेवर असणारी उपकरणंच निरोप पुढे पोचवतात; सेलवरचं दुसरं काही मध्ये ठेवून उपयोग नाही, कारण तेही झोपलेलंच. माजघर आणि पडवीच्या मधल्या दारालगत झिग्बीचा एक स्मार्ट प्लग लावा, भिंतीआडून नव्हे तर दाराच्या मोकळ्या जागेतून सेन्सर ‘दिसेल’ असा. प्लग लावल्यावर सेन्सर पडवीतच, त्याच्या कायमच्या जागी, पुन्हा जोडा. संगणकाशेजारी बसून जोडलात तर तो डोंगललाच धरून बसतो आणि काही सेन्सर पुढे आपणहून जवळचा रिपीटर शोधतच नाहीत. प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घेता आला तर घ्या. वीज गेली की रिपीटर मरतो आणि प्रत्येक वेळी तोच महागडा शोध सुरू होतो. त्या प्लगचा खटका कुणी बंद करणार नाही हेही घरात सांगून ठेवा.

टक्क्यांबद्दल: तो आकडा सेलच्या व्होल्टेजवरून काढलेला असतो, आणि लिथियम बटन सेलचं व्होल्टेज अखेरपर्यंत ३ च्या जवळच राहतं. संपत आलेल्या सेलचा आतला रोध मात्र वाढतो. झोपेत २.९ व्होल्ट दिसतात, निरोप पाठवताना ते एका झटक्यात २ च्या खाली घसरतात आणि सेन्सर बंद पडतो. सेल तपासायचा तर नुसता मल्टिमीटर लावू नका. २२० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना दोन सेकंद जोडून तेवढ्यात व्होल्टेज वाचा. २.४ च्या खाली गेलं तर सेल थकलाय.

कोकणातल्या दमट हवेत आतल्या पत्र्याच्या पाकळ्यांवर हिरवट थर चढतो, तोही तपासा. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि सुकल्यावरच सेल घाला. २४५० च्या जागी कागदाची घडी लावून २०३२ बसवण्याचा उद्योग करू नका. क्षमता निम्म्याहूनही कमी आणि पकड ढिली. रिचार्ज होणारा एलआयआर २४५० तर नकोच, पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो आणि सेन्सर ३ चा आहे.

काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. गिळलेला बटन सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. नुसता संशय आला तरी थांबू नका, मुलाला लगेच रुग्णालयात न्या.

प्रश्न : एप्रिल-मे आला की वरच्या मजल्यावरचा सेन्सर संध्याकाळी माणसाला ओळखतच नाही. थंडीत हाच सेन्सर सात मीटरवरून पकडतो. — वाचक, नागपूर

सेन्सर बिघडलेला नाही. तो तापमान मोजत नाही, पाठीमागची भिंत आणि माणूस यांच्यातला फरक ओळखतो. उघड्या त्वचेचं तापमान ३३ ते ३५ अंश असतं. डिसेंबरात भिंत २० वर असते, फरक भरपूर. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडतो, भिंती ३५ च्या आसपास येतात आणि फरक जवळजवळ नाहीसा होतो. भिंत ३९-४० वर गेली तर माणूस भिंतीपेक्षा थंड ठरतो आणि सेन्सर पुन्हा थोडं थोडं पकडू लागतो. म्हणूनच भर दुपारी चालतो आणि दिवेलागणीला फसतो, असा अनुभव येऊ शकतो.

संवेदनशीलतेची सेटिंग असेल तर उन्हाळ्यापुरती ‘हाय’ करा, आणि सेन्सर अशा जागी हलवा की माणूस तीन मीटरच्या आतून आडवा जाईल. कुलरच्या झोतासमोर मात्र नको. दार असलेली खोली असेल तर दाराला चुंबकाचा डोअर सेन्सर लावून दिवा त्यावर बांधा; उन्हाळ्याशी त्याला देणंघेणं नाही.

प्रश्न : बाथरूममध्ये आंघोळ चालू असतानाच दिवा जातो. हात हलवला तरी लगेच लागत नाही. — वाचक, ठाणे

दोन कारणं एकत्र आली आहेत. अंघोळीचा पडदा किंवा काच मध्ये आली की सेन्सरच्या दृष्टीने खोली रिकामी. दुसरं, सेल वाचवण्यासाठी बरेच सेन्सर एकदा हालचाल कळवली की ठरावीक काळ डोळे मिटून घेतात. अकारा कंपनीच्या जुन्या गोल सेन्सरमध्ये हा काळ ६० सेकंदांचा आहे. त्याच कंपनीच्या पी१ मध्ये तो १ ते २०० सेकंदांत ठरवता येतो. तुमचा ‘दिवा बंद’ नियम या काळापेक्षा छोटा असेल तर दिवा जाणारच. ६० सेकंदांच्या सेन्सरला निदान ३ मिनिटं द्या, बाथरूमला १० द्या. काळ कमी करता येत असला तरी अगदी ५ सेकंदांवर आणू नका, प्रत्येक हालचालीला निरोप जाऊन सेल लवकर संपतो.

स्वस्थ बसलेलं माणूसही ओळखायला हवं असेल तर रडारवर चालणारा प्रेझेन्स सेन्सर लागतो. तो सहसा कायम विजेवर असतो, त्यामुळे पॉइंट कुठून काढायचा ते आधी बघा, आणि बाथरूममध्ये तो पाण्याच्या उडण्यापासून लांब, वरच घ्या.

प्रश्न : रात्री दोन-तीनला ओटीवरचा दिवा आपोआप लागतो. कुणीही नसतं. — वाचक, सावंतवाडी

बहुधा पाल. दिव्याभोवती किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि ती सेन्सरच्या पांढऱ्या भिंगावरून गेली की अगदी जवळची हालचाल म्हणून नोंद होते. सेन्सर दिव्यापासून निदान दीड मीटर लांब घ्या. मांजर असेल तर भिंगाचा खालचा तिसरा भाग आतून अपारदर्शक चिकटपट्टीने झाका. दोन्ही करूनही थांबलं नाही तर तुळशीपुढचा दिवा, वाऱ्याने हलणारा पडदा, फ्रिजची मागची बाजू यांपैकी काही समोर येतंय का ते बघा.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून येतोय, तिकडून सेन्सर मागवू का? वायफायचा घेतला तर डोंगलही लागणार नाही ना? — वाचक, नाशिक

झेड-वेव्हचा (झिग्बीसारख्याच दुसऱ्या बिनतारी पद्धतीचा) मागवू नका. तिकडे तो ९०८ मेगाहर्ट्‌झवर चालतो, भारतात ८६५ वर. इकडच्या हबशी तो बोलणारच नाही. झिग्बी जगभर २.४ गिगाहर्ट्‌झवरच आहे, तो चालेल. वायफायच्या सेन्सरला प्रत्येक वेळी जागं होऊन राउटरशी जोडून घ्यावं लागतं. १२० मिलिअँपिअर आणि ४ सेकंद धरले तर एका निरोपाला झिग्बीच्या ४८० निरोपांइतकी ऊर्जा. दिवसातून दोन-चारदा उघडणाऱ्या माळ्याला किंवा गोडाऊनला तो ठीक, जिन्याला नको. सेल कोणता ते मागवण्याआधी बघा: सोनऑफ कंपनीच्या एसएनझेडबी-०३पी या झिग्बी मोशन सेन्सरला सीआर २४७७ लागतो, आणि तो जवळच्या दुकानात सहज मिळत नाही. भावाला दोन-तीन जादा सेल आणायला सांगा. लिथियमचे सुटे सेल मूळ पॅकिंगमध्ये आणि हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाहीत.