राजीनाम्याआधी चार माणसांना खेळू दे

पक्की नोकरी सोडून आवडीचं काम करू का, हा प्रश्न कणकवलीत समुपदेशक म्हणून माझ्याकडे नेहमी येतो. बहुतेकांना होमस्टे काढायचा असतो, नाहीतर काजूवर प्रक्रिया करायची असते. एकट्याने व्हिडिओ गेम बनवण्यासाठी बँकेतली नोकरी सोडायची म्हणणारा मात्र हा पहिलाच. (त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

वय तिशीच्या जरा पुढे. बँकेच्या संगणक विभागात कायम नोकरी, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, लहान मुलगी, डोक्यावर घरकर्ज. वडिलांची देवगडकडे हापूसची बाग. राजीनामा लिहून तयार होता आणि घरात अबोला. "मॅडम, तुम्ही घरच्यांना समजवा," एवढंच त्याचं म्हणणं.

कुणाच्या वतीने कुणाला समजावणं हे माझं काम नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. पण वडील आपणहून आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "माझो झील (मुलगा) खेळ करतलो म्हणता. खेळान पोट भरता काय?" गेम म्हणजे मोबाइलवरची रमी, अशी त्यांची समजूत. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. त्या बातम्या टीव्हीवर पाहिल्यापासून तर पोरगा बेकायदा धंद्यात शिरतोय याची त्यांना खात्रीच झाली होती. तो गैरसमज दहा मिनिटांत दूर झाला. खरी भीती त्यानंतर बाहेर आली. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडावरचा आंबा खाली आणला, त्या वर्षी घर मुलाच्या पगारावर चाललं. जन्मभर मोहराकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला घरात एक तरी रक्कम एक तारखेला हवी होती. मला यात हट्ट दिसला नाही. बेभरवशाची कमाई म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. 'स्वप्नांच्या मागे धावा' सांगणारे व्हिडिओ बनवणाऱ्यांना तर नाहीच नाही.

मुलगा पुढच्या भेटीला एरिक बॅरोनचं उदाहरण घेऊन आला. या माणसाने एकट्याने साडेचार वर्षं खपून 2016 मध्ये स्टारड्यू व्हॅली हा गेम काढला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. ते सगळं खरं. पण मी त्याआधी थोडं वाचून ठेवलं होतं. बॅरोनने नोकरी सोडलीच नव्हती. कॉलेज संपल्यावर त्याला ती मिळत नव्हती. घर जोडीदारीण चालवत होती आणि तो सिॲटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करत होता. पक्की नोकरी सोडून एकट्याने गेम करणारा म्हणजे लुकस पोप. पण तो आधी नॉटी डॉगसारख्या मोठ्या गेम स्टुडिओत होता, आणि 2013 च्या 'पेपर्स, प्लीज' या त्याच्या गाजलेल्या गेमआधी त्याने दोन-दोन दिवसांच्या स्पर्धांत चिमुकले गेम करून लोकांपुढे ठेवले होते.

"तुझा गेम किती जणांनी खेळलाय?" मी विचारलं.

"बायकोने. थोडासा."

तीन वर्षं रात्री जागून केलेलं काम. कल्पना मला फार आवडली: आंब्याच्या बागेची राखण, माकडांच्या टोळ्या हाकलायच्या, हंगाम संपेपर्यंत पेट्या वाचवायच्या. पण गेम पुरा होत नव्हता: कधी माकडांची चाल मनासारखी नाही, कधी पावसाचा आवाज. गोदो हे गेम बनवायचं फुकटचं सॉफ्टवेअर वापरत होता, म्हणजे पैशांची अडचण नव्हतीच. राजीनाम्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यातला एखादा मंगळवार सांग म्हटलं, तर सकाळी अकराच्या पुढे त्याला जाता येईना.

माझं मत मी त्याला स्पष्ट सांगितलं. अर्धवट गेमला कुणी वाईट म्हणू शकत नाही, म्हणून तो अर्धवट राहतोय. लोकांसमोर जायचं टाळायला आजवर नोकरी उपयोगी पडली. उद्या राजीनामा उपयोगी पडेल, फक्त तो फार महाग पडेल. तो चिडला, एक भेट चुकवली, मग आला.

ठरलं ते एवढंच: नोकरीत राहून पहिल्या पंधरा मिनिटांचा तुकडा पुरा करायचा आणि इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर टाकायचा, तिथे टाकायला पैसे पडत नाहीत. त्याआधी चार माणसांना समोर बसवून खेळायला द्यायचं आणि आपण तोंड उघडायचं नाही. पहिले वडील. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि म्हणाले, "माकडा अशी येणत नाय. आधी एक येता, बगता, मगे बाकीची येतत." त्या रात्री त्याने सगळी चाल बदलली. वडिलांचा नोकरीबद्दलचा विरोध मात्र तसूभरही बदलला नाही, आणि तो बदलावा म्हणून मीही काही केलं नाही.

पैशांच्या भेटीला बायको आली आणि गणित तिनेच मांडलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायचे 100 डॉलर, शिवाय विक्रीतले 30 टक्के त्यांचे. 300 रुपयांच्या गेमचे हातात 210. घराला त्याच्या वाट्याचे महिन्याला 30,000 लागतात, म्हणजे साधारण 143 प्रती, दर महिन्याला. तेही कर आणि सवलती न धरता. दोन तासांच्या आत खेळणं थांबवून चौदा दिवसांत पैसे परत मागणारे वेगळेच. शिवाय बँकेचा कर्मचारी म्हणून मिळालेला कर्जाचा सवलतीचा दर राजीनाम्यानंतर राहत नाही, आणि बँकेकडून मिळणारा आरोग्यविमाही जातो. बँकेत बसून हे त्याला सुचलं नव्हतं. प्रश्न घेऊन येणाऱ्या सगळ्यांना मी आता कर्ज आणि विमा हे दोन आधी विचारते.

सध्या तो नोकरीतच आहे. तुकडा लोकांपर्यंत गेला. काहींनी पाच मिनिटांत सोडला, एकाने पुढचा भाग कधी म्हणून विचारलं. मे महिन्यासाठी बिनपगारी रजेचा अर्ज दिलाय. एक रक्कम वेगळ्या खात्यात जमते आहे. ती ठरल्याइतकी झाली की राजीनामा आणि ती संपली की पुन्हा नोकरी, ही अट दोघांनी कागदावर लिहून सह्या केल्यात. सही करताना बायको म्हणाली, हा कागद त्याच्या स्वप्नाचा झाला, तिलाही एम.एड. करायचं होतं, ते कुणी विचारलं नाही. पुढची भेट तिने एकटीसाठी मागितली आहे.