कर्ज काढून मुलाला बेलीझला पाठवावे का?

सप्रेम नमस्कार,

आपले नंदगडहून पाठविलेले पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्यातील मजकूर आधी थोडक्यात सांगतो. आपल्या मुलाने बेळगावात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. पूर्ण केले आहे. शिकत असताना तो एका स्टुडिओसाठी लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करीत असे आणि त्या पैशांतून त्याने एक सेकंडहँड कॅमेरा घेतला आहे. ह्यूस्टनला नोकरी करणारा त्याचा मावसभाऊ येत्या ऑगस्टमध्ये मित्रांसह बेलीझ आणि ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतील देशांच्या सहलीला निघाला आहे. तेथील जंगलातील प्राणी, माया लोकांच्या नगरांचे भग्नावशेष आणि समुद्रातील स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणे) या तिन्हींचे चित्रीकरण करून आपल्या मुलाने व्यवसायाचा श्रीगणेशा करावा, असे दोघा भावांनी ठरविले आहे. प्रवास, मुक्काम आणि पाण्याखालच्या चित्रीकरणाची सामग्री मिळून साडेपाच लाख रुपये लागतील, त्यासाठी काजूच्या बागेवर कर्ज काढावे का, असे आपण विचारता. पत्राच्या शेवटी, काहीशा संकोचाने, ‘हे पोटापाण्याचे काम आहे की नुसती हौस?’ असेही आपण विचारले आहे.

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हे पोटापाण्याचे काम आहे. मात्र त्याला महिन्याच्या पगाराचे स्वरूप क्वचितच असते. सहायक कॅमेरामन, ड्रोन पायलट, डायव्हिंग केंद्रावरचा व्हिडिओग्राफर, संकलक, जंगलातील रिसॉर्टसाठी किंवा संशोधकांसाठी चित्रीकरण करणारा माणूस अशा तुकड्यातुकड्यांनी हे काम मिळते आणि ते बहुतांशी हंगामी असते. काम देणारे लोक नवख्या मुलाला एखाद्या ठरावीक कौशल्यासाठी बोलावतात. धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याच्या घरट्यासमोर चार तास हालचाल न करता बसू शकणारा मुलगा, किंवा पाण्याखाली कॅमेरा स्थिर धरू शकणारा मुलगा, अशी त्याची ओळख व्हावी लागते. अडीच आठवड्यांत प्राणी, अवशेष आणि समुद्र असे तिन्ही टिपून आणलेल्या मुलाकडे सहलीची सुंदर आठवण असेल, पण ती पाहून त्याला कोणी काम देईल असे मला वाटत नाही. म्हणून बागेवर कर्ज काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मुलाच्या इच्छेला मात्र आपण नकार देऊ नये. तिची वाट तेवढी बदलावी.

या बेताविषयी मला तीन शंका आहेत. पहिली ऋतूची. बेलीझमध्ये साधारणपणे जून ते नोव्हेंबर हा पावसाळा असून अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगामही तोच आहे. तेथील कोरडे, निवळ दिवस फेब्रुवारी ते मे या काळात मिळतात. आपल्याकडे मृग लागल्यावर कोणी मालवणात डायव्हिंगला जात नाही, तसाच तेथील ऑगस्टचा विचार करावा. दुसरी शंका खोलीची. मावसभावाने आखलेल्या कार्यक्रमात ‘ग्रेट ब्लू होल’ आहे. प्रवाळभिंतीच्या आत असलेला हा सुमारे 300 मीटर रुंद आणि 120 मीटरांहून अधिक खोल गोलाकार खळगा आकाशातून विलक्षण दिसतो. पण पाणबुडे ज्यासाठी तेथे उतरतात ते चुनखडीचे लोंबते स्तंभ सुमारे 40 मीटर खोलीवर आहेत. स्कूबाच्या ‘ओपन वॉटर’ या पहिल्या प्रमाणपत्रावर 18 मीटरपर्यंत आणि त्यापुढच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ प्रमाणपत्रावर 30 मीटरपर्यंतच उतरण्याचा संकेत आहे. आपल्या मुलाकडे यांपैकी एकही नाही.

तिसरी शंका परवानगीची. बेलीझमधील अ‍ॅक्टुन टुनिचिल मुक्नाल या गुहेत माया काळातील मानवी सांगाडे आणि मातीची भांडी अजूनही जागच्या जागी आहेत. 2012 साली एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा निसटून तेथील प्राचीन कवटीला भोक पडले आणि तेव्हापासून पर्यटकांना आत कॅमेरा नेण्यास बंदी आहे. ही गुहासुद्धा त्या कार्यक्रमात ‘शूटिंग’ या शीर्षकाखाली लिहिलेली पाहून, बेत आखणाऱ्यांनी नियम वाचलेले नाहीत हे माझ्या लक्षात आले.

आता आपल्या परिसराकडे वळतो, कारण या विषयात खानापूर तालुक्यातील मुलाला जे घरबसल्या मिळते ते पुण्या-मुंबईच्या मुलाला मिळत नाही. तालुक्यातच भीमगड अभयारण्य आहे, बाजूला दांडेलीच्या अंगाने काळी व्याघ्र प्रकल्प आहे, हलशी आणि देगाव येथे कदंबकालीन मंदिरे आहेत आणि आंबोली घाट उतरला की मालवणचा समुद्र आहे. एवढ्या अंतरात जंगल, पुरातन वास्तू आणि समुद्र असे सगळे आहे आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणे परवडते, जे परदेशी सहलीत शक्य होत नाही.

पुन्हा जाण्याला मी इतके महत्त्व का देतो, ते धनेशाच्या उदाहरणाने सांगतो. दांडेली आणि गणेशगुडी परिसरात मलबारी कवड्या धनेश चांगल्या संख्येने दिसतात. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि ढोलीचे तोंड लिंपून केवळ एक उभी फट ठेवते; नर दिवसभर उंबर-वडाची फळे गळ्यात साठवून आणतो आणि एकेक फळ वर काढून त्या फटीतून तिला भरवतो. पर्यटक याचे चित्रीकरण करतो तेव्हा त्याला ‘पक्षी झाडावर बसला आहे’ असा एक लांबलचक शॉट मिळतो. व्यवसाय करू पाहणाऱ्याला त्याचे प्रसंगात रूपांतर करावे लागते: जंगलाच्या छतावरून येणारा पंखांचा मोठा आवाज, नर फांदीवर उतरतो तो दुरून घेतलेला शॉट, फुगलेला गळा, चोचीच्या टोकाशी आलेले तांबडे फळ, फटीतून पुढे झालेली मादीची चोच, खाली जमिनीवर पडलेल्या बियांचा ढीग. हे सगळे एका सकाळी मिळत नाही. घरट्यापासून भरपूर अंतर राखून, शक्यतो आडोशातून आणि वनखात्याने घालून दिलेल्या मर्यादेत, पुनःपुन्हा बसूनच ते जमते. आणि नर फळ घेऊन परतण्याऐवजी कॅमेऱ्याकडे पाहत ताटकळत असेल, तर चित्रीकरण थांबवून उठावे. प्राणिशास्त्र शिकलेल्या मुलाला हे वागणे वाचता येते. पदवी वाया गेली असे आपण पत्रात लिहिले आहे, त्याच्याशी मी सहमत नाही.

अभयारण्यात चित्रीकरणासाठी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार परवानगी लागते. भीमगडातील बारापेडे गुहा राउटनच्या दुर्मीळ वटवाघळासाठी प्रसिद्ध आहेत आणि अशा विषयाचा मोह कोणत्याही तरुणाला होईल. पण वटवाघळांच्या वस्तीत दिवे घेऊन शिरणे हा त्यांच्यावर अत्याचारच आहे, तेव्हा अधिकृत संशोधकांच्या सोबतीशिवाय तिकडे फिरकू नये.

पाण्याखालच्या चित्रीकरणाबाबत मी अधिक सविस्तर लिहितो, कारण येथे चूक झाली तर ती पैशांवर भागत नाही. मालवणला शिक्षकाने हात धरून अर्ध्या तासासाठी पाण्याखाली नेले, म्हणजे स्कूबा शिकून झाले, असा समज आपल्याकडे फार पसरला आहे. तो केवळ अनुभव असतो. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात 200 मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगणे, मास्कमध्ये शिरलेले पाणी तळाशीच काढणे आणि खुल्या समुद्रात चार डाइव्ह करणे यांचा समावेश असतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था तारकर्लीला आहे, आणि कर्नाटकातच मुरुडेश्वरजवळील नेत्राणी बेटापाशी डायव्हिंग चालते. पावसाळ्यात दोन्हीकडे हे काम बंद असते, म्हणून ऑक्टोबरनंतर जावे. आपला मुलगा मलप्रभेच्या डोहात पोहायला शिकला आहे, ही जमेची बाजू आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावरही काही काळ कॅमेरा किनाऱ्यावरच ठेवावा. तरंगण्याचा तोल ज्याला सांभाळता येत नाही तो चित्र घेण्याच्या नादात प्रवाळावर गुडघे टेकतो, तळाची रेती उडवतो आणि हवेचा काटा पाहायला विसरतो. त्यानंतर प्रकाशाचा अभ्यास सुरू होतो: पाणी तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे दहा मीटरवर तांबडा मासाही करडा दिसतो आणि व्हिडिओ-दिवा किंवा लाल फिल्टर वापरावा लागतो. दिवा कॅमेऱ्याला चिकटून लावला तर पाण्यातील गाळाचे कण उजळून चित्रभर पांढरे ठिपके येतात. तो बाजूला, लांब हातावर बसवावा. कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला रबराची एक पातळ कडी असते. प्रत्येक डाइव्हपूर्वी ती काढून, बोटाच्या टोकाने चाचपून, सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात देऊन परत बसवतात, कारण त्या खाचेत अडकलेला एक केससुद्धा पाणी आत घेण्यास पुरेसा होतो.

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आणखी एक बाब आहे, जी किनाऱ्यावरच्या मुलांना लागू होत नाही. डायव्हिंगनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण बाहेर पडण्यापूर्वी माणूस उंचीवर गेला तर त्याचे बुडबुडे होऊन गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणूनच एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळण्यास सांगतात, आणि ही सूचना सुमारे 600 मीटरपासूनच्या उंचीला लागू धरली जाते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास उंचावर आहे. दुपारी मालवणात डाइव्ह करून संध्याकाळी मोटारसायकलने आंबोली घाट चढून घरी यायचे, हा आपल्याकडील तरुणांचा नेहमीचा बेत त्यामुळे धोक्याचा ठरतो. खाली मुक्काम करावा.

अवशेषांचे चित्रीकरण त्यामानाने सोपे दिसते. देगावचे कमलनारायण मंदिर बाराव्या शतकात कदंब राजा शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने उभारले. तेथील कोरीव काम सकाळच्या तिरक्या उन्हात उठून दिसते, माध्यान्ही सपाट होते. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात आजही पूजा चालते, तेव्हा पुजाऱ्यांना आणि गावकऱ्यांना आधी भेटून मगच कॅमेरा उघडावा. संरक्षित स्मारकात व्यावसायिक चित्रीकरणाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ड्रोनसाठी 2021 ची नियमावली आहे. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही, तरी सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्करी आस्थापना यांमुळे बेळगाव परिसरात उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोनविषयक संकेतस्थळावरील नकाशा पाहणे आवश्यक आहे.

आपण सीमाभागातील आहोत, याचाही येथे उपयोग आहे. आपला मुलगा घरी मराठी बोलतो, सरकारी कचेरीत कानडी बोलतो आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यातील म्हाताऱ्या माणसांशी कोकणीतही चार वाक्ये बोलू शकतो. वनरक्षक, पुजारी आणि कोळी यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा सहायक बाहेरून येणाऱ्या चित्रपथकांना हवाच असतो, आणि अशी पहिली कामे बहुधा ओळखीतून मिळतात. दरम्यान लग्नांचे काम त्याने सोडू नये. गर्दीत, कमी प्रकाशात, दुसरी संधी नसताना नेमका क्षण पकडण्याचा तो सराव आहे आणि त्यात रोख पैसे मिळतात. पुढे पद्धतशीर शिक्षण घ्यायचे झाल्यास पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट पदवीधरांना सिनेमॅटोग्राफी शिकविते; प्रवेशपरीक्षा कठीण असते, पण त्यासाठी एक वर्ष द्यायला हरकत नाही.

मावसभावाला कळवावे की ही सहल पुढच्या किंवा त्यानंतरच्या कोणत्या तरी फेब्रुवारी-एप्रिलच्या हंगामात करता येईल आणि तोवर मुलाकडे स्कूबाचे प्रमाणपत्र व काही तासांचे स्वतःचे पाण्याखालचे चित्रीकरण असेल. एवढा खर्च तेव्हाही झेपत नसेल तर श्रीलंकेचा विचार करावा. अनुराधापुर-सिगिरियाचे अवशेष, विल्पट्टूचे बिबटे आणि त्रिंकोमालीजवळचे प्रवाळ एकाच बेटावर आहेत. कोठेही गेला तरी निघताना विमानतळावर कस्टमकडून आपल्या कॅमेऱ्याची नोंद करून प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना शुल्काचा प्रश्न येत नाही. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात आणि रोजचे चित्रीकरण त्याच रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवावे.

सध्या त्याने देगाव किंवा हलशी यांपैकी एकच जागा निवडावी, पाच मिनिटांची फिल्म मराठी आणि कानडी अशा दोन्ही निवेदनांसह तयार करावी आणि दिवाळीपूर्वी माझ्याकडे पाठवावी. ती पाहून तारकर्लीच्या प्रशिक्षणासाठी किती खर्च करावा आणि कोणती सामग्री भाड्याने घ्यावी, हे आपण तिघे बसून ठरवू. कळावे, लोभ असावा.