साठीनंतरचा डोंगर: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

‘पॉइंट’ बघायचा, फोटो काढायचा आणि गाडीत बसायचं, या सहलींना कंटाळलेल्या ज्येष्ठ वाचकांची ही पत्रं. डोंगरात राहावं, काही शिकावं, पण गुडघे आणि बीपी सांभाळून. पत्रं लांबलचक होती, इथे प्रश्न तेवढे घेतले आहेत.

आम्ही चिपळूणचे आठजण, वयं ६२ ते ७४. आठवडाभर डोंगरात राहून काही शिकायचं आहे. रोज नवं हॉटेल नको. महाबळेश्वर पुष्कळदा झालं. जवळ काय आहे?

आंबोली, आणि घाटाखालची सावंतवाडी-कुडाळ. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास होण्याचा प्रश्नच नाही. चार रात्री वर काढा, तीन रात्री खाली, आणि बॅगा मध्ये एकदाच भरा. आठजणांत कुणाचं तरी पोट बिघडतं, कुणाचा पाय मुरगळतो. मुक्काम एकाच जागी असला की तो माणूस त्या दिवशी पडवीत आराम करतो आणि बाकीचे फिरून येतात. रोज गाव बदलणाऱ्या सहलीत मात्र एकाच्या दुखण्यानं सगळ्यांची सहल मोडते.

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ धरा. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात धुकं, जळवा, शेवाळलेला जांभा दगड आणि शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग. बेडूक बघायचे असतील तर मात्र पावसाळ्याला पर्याय नाही. ‘आंबोली टोड’ ही जवळजवळ आंबोलीपुरतीच सापडणारी जात. त्यासाठी वेगळ्या दोन रात्री काढा आणि रात्रीची फेरी डांबरी रस्त्याच्या कडेनंच होईल, हे वाटाड्याकडून आधी कबूल करून घ्या.

वर सकाळी साडेसहा ते नऊ पक्षी आणि झाडं, दुपारी झोप, चारनंतर दुसरी छोटी फेरी, इतकं पुरे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी जाल तेव्हा तिथल्या देवळाच्या कुंडात नीट बघा. तिथल्या माशाची २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावानं नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. गावात त्याला देवाचा मासा म्हणतात. कुंडात पाय बुडवू नका, निर्माल्यही टाकू नका.

खाली उतरलात की खरा खजिना आहे. कुडाळला लागूनच पिंगुळी. इथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या, तिन्ही कला आहेत. याच कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली. फोन करताना ‘दाखवा’ म्हणाल तर अर्ध्या तासात खेळ आटोपतो. ‘शिकायचं आहे, अख्खी सकाळ देतो, मानधन किती?’ असं विचारा. कळसूत्री बाहुली उभ्यानं चालवावी लागते आणि दहा मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणून स्टूल मागून घ्या. चामड्यात भोकं पाडणं डोळ्यांना जड जातं. हात थरथरत असतील तर चित्रकथीचे रंग भरणं जमतं. कथा म्हणायला तर हात लागतच नाहीत.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हातानं रंगवताना बघायला मिळतात. बहुतेक लोक तिथून गोल पत्त्यांचा संच विकत घेतात आणि शोकेसमध्ये ठेवून देतात. तुम्ही खेळ शिका. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे १२ पत्ते (राजा, प्रधान आणि एक ते दहा), असे १२० पत्ते. खेळायला तिघे लागतात, प्रत्येकी ४० पत्ते. दिवसा डाव रामाच्या रंगानं सुरू होतो, रात्री कृष्णाच्या. गोल पत्ते हातात पंख्यासारखे धरायला पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाहीत. संध्याकाळी टीव्ही लावायची आठवणही होणार नाही.

राहिला दशावतार, तळकोकणचं लोकनाट्य. तळकोकणात जत्रांचे दिवस कार्तिकापासून सुरू होतात आणि नाटक रात्री उशिरा उभं राहून पहाटेपर्यंत चालतं. संहिता लिहिलेली नसते, संवाद नट जागच्या जागी रचतात. म्हणून कथा ठाऊक असेल तर दुप्पट मजा. त्या दिवशी कोणतं आख्यान आहे ते दुपारीच विचारा आणि ती कथा गटात एकानं सगळ्यांना सांगावी. दुपारी दोन तास झोप काढा, रात्री हलकं जेवा, घरून घडीची खुर्ची न्या, कानटोपी घ्या. मुख्य कथेआधीच्या आडदशावतारातला संकासुर आणि आख्यानाचा पहिला प्रवेश झाला की दीड-दोनला उठून यायला हरकत नाही. रिक्षा मात्र आधी ठरवून ठेवा, त्या वेळी जत्रेत मिळत नाही.

वय ६६, चढायला त्रास नाही, उतरताना गुडघे दुखतात. दोन महिन्यांत काय तयारी करू? (गुहागर)

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. चढताना दम लागतो, उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलतो, आणि तेच काम त्याला जड जातं. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. म्हणून सहलीत पहिल्याच दिवशी मोठा उतार ठेवणारा आयोजक दिसला की समजावं, त्याला ज्येष्ठांची सवय नाही.

आधी मोजमाप घ्या. १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता ते मोजा. ६५ ते ६९ वयात पुरुषांचा आकडा १२ पेक्षा आणि बायकांचा ११ पेक्षा कमी आला, तर पायांत ताकद कमी आहे आणि तोल जाण्याचा धोका आहे, असं धरतात. तेवढा आकडा येईपर्यंत पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

सराव पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर करा, जिममध्ये जायची गरज नाही. आठवड्यातून दोन दिवस. पहिल्या आठवड्यात ५० पायऱ्या उतरा, मग दर आठवड्याला २०-२५ वाढवत न्या. बाकी तीन दिवस ४० मिनिटं सपाट चाल. पुळणीवर चालणार असाल तर ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. किनारा समुद्राकडे कललेला असतो, त्यामुळे एका पायावर जास्त भार येतो. गेलात त्याच वाटेनं परत या, म्हणजे दोन्ही पायांची वाटणी सारखी होते. मोठ्या पायऱ्यांवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

काठ्या दोन घ्या, एक नको. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी ठेवा, उतारावर पाच ते दहा सेंटिमीटर वाढवा आणि काठी पावलाच्या पुढे टेकवा. जांभ्या दगडावर रबरी टोपण राहू द्या, चिखलात काढा. टोपण झिजून आतलं लोखंड दिसायला लागलं की दगडावर काठी सटकते आणि माणूस नेमका विश्वासानं टेकलेला असताना पडतो. जोडीला एक टोपण खिशात असू द्या.

गुडघ्याला सूज येत असेल, किंवा तो मध्येच अडकत वा लचकत असेल, तर हे सगळं नंतर. आधी हाडांच्या डॉक्टरांकडे.

आम्ही देवगडचे, वयं ६७ आणि ७१, दोघांना बीपी. सिक्कीमच्या सहलीत गुरुडोंगमार तलाव आहे. जावं का? की हिमालयात शिकण्यासारखं दुसरं काही?

तलाव गाळा. नुसतं वय हे कारण नाही, उंचीचा त्रास तिशीतल्या माणसालाही होतो. कारण वेळापत्रकात आहे. गंगटोक सुमारे १,६५० मीटर, लाचेन २,७५० च्या आसपास, आणि दुसऱ्या पहाटे गाडीनं थेट पाच हजार मीटरच्या वर. समुद्रसपाटीवर आयुष्य गेलेल्या माणसाला यात जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम आहे. विमानानं थेट लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर उतरणाऱ्यांनाही तोच धोका. तिथे पहिले दोन दिवस विश्रांतीचेच ठेवावे लागतात.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर तत्काळ खाली उतरायचं, रात्र असली तरी. बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा आकडा बरा आहे म्हणून लक्षणांकडे काणाडोळा करू नका. प्रतिबंधासाठी अॅसिटाझोलामाइड देतात, सहसा १२५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. पण बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

दीड-दोन हजार मीटरवर राहून शिकण्यासारखं भरपूर आहे. गंगटोकलाच चार दिवस थांबा, १९५८ मध्ये स्थापन झालेल्या नामग्याल तिबेटशास्त्र संस्थेचं संग्रहालय निवांत बघा. धरमशाळेजवळ सिद्धपूरला नोरबुलिंगका संस्थेत थांगका (कापडावरची बौद्ध धार्मिक चित्रं) आणि लाकडी कोरीवकाम चालतं. गावातल्या तिबेटी ग्रंथालयात भाषा आणि तत्त्वज्ञानाचे वर्ग असतात. कुमाऊँत अल्मोड्याला मुक्काम करून जागेश्वरची मंदिरं आणि घरोघरच्या उंबऱ्यावरचं ऐपण, म्हणजे तिथली पारंपरिक नक्षी. रांगोळी घालणाऱ्या हाताला ऐपण पटकन वळतं. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडा. तुम्हाला थंडीची सवय नाही, म्हणून जाड स्वेटर एक घेण्यापेक्षा पातळ तीन थर घ्या. इन्सुलिन घेत असाल तर ते गोठू देऊ नका, सामानात न ठेवता आतल्या खिशात ठेवा. इकडे कोकणात उलट, उन्हात उभ्या गाडीत ते राहिलं की वाया गेलं.

चढ अजिबात नको, पण काही वेगळं बघायचं आहे. (रत्नागिरी)

तुमच्या अंगणातच आहे, कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्या. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, सपाट चाल. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलेल्या कोकणच्या नऊ जागांपैकी उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे या रत्नागिरी जिल्ह्यातल्या. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. दुपारी गेलात तर काहीच दिसत नाही. ऊन डोक्यावर असलं की उथळ रेषांना सावली पडत नाही, शिवाय कातळ तापलेला आणि सावलीला झाड नाही. सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तास गाठा. तिरपी किरणं आली की रेष अन् रेष उठून दिसते. चप्पल बाहेर काढा आणि फोटोसाठी रेषांत खडू किंवा पाणी भरू नका. एक वही घेऊन एकच आकृती काढून बघा. अर्धा तास काढत बसलात की नुसत्या बघण्यात सुटलेल्या गोष्टी दिसायला लागतात.

घरगुती मुक्कामाचं बुकिंग करताना नेमकं काय विचारायचं? मी ७० वर्षांची, एकटी जाते. (मालवण)

‘सोयी आहेत ना?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ येणारच. मोजता येईल असं विचारा. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का? खोली तळमजल्यावर का? कमोड आहे का, आणि तो खोलीतच आहे की न्हाणीघर मागच्या खळ्यात? रात्री दिवे गेले तर इन्व्हर्टर आहे का? फोनला रेंज कोणत्या कंपनीची? डॉक्टर किती किलोमीटरवर, आणि रात्री गाडी कोण काढणार? मोरीचा फोटो मागा, संकोच नको. जुन्या घरांचे उंबरे उंच असतात आणि आत-बाहेरच्या उजेडात फरक असतो, रात्रीची पडझड बहुधा तिथेच होते. डोक्याला बांधायची बॅटरी उशाशी ठेवा. एकटीला खोलीचं पूर्ण भाडं लावतात का, हेही आधीच बोलून घ्या.

रोपवेनं रायगडला गेलं तर चालावं लागत नाही ना? (महाड)

लागतं. रोपवेनं पायऱ्या वाचतात, गड वाचत नाही. वरून राजसभा, होळीचा माळ, बाजारपेठ आणि जगदीश्वर करून परत यायला उन्हात दोन-तीन तास चालणं होतं, आणि सावली जवळजवळ नाही. पहिल्या फेरीनं वर जा. सोसाट्याचा वारा असला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी फोन करून खात्री करा.

गटाचं रेल्वे तिकीट काढलं की खालचा बर्थ मिळत नाही. उपाय? (खेड)

सगळ्यांचं एकत्र तिकीट काढता, म्हणून. ज्येष्ठांसाठीचा खालच्या बर्थचा कोटा ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिलांना मिळतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच. आठजण असाल तर दोघादोघांची चार तिकिटं काढा आणि कोटा निवडायला विसरू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांची भाडेसवलत रेल्वेनं मार्च २०२० पासून बंद केली आहे, एसटीत मात्र ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. आधार कार्ड हातपिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.