लायनफिशला काय घालायचं आणि किती घालायचं

या महिन्यात आलेले लायनफिशचे (घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात त्या विषारी काट्यांच्या शिकारी माशाचे) प्रश्न वेगळे काढले तर जवळपास सगळे खाण्यावरचेच निघाले, म्हणून आज दुसरा विषयच घेत नाही.

प्रश्न (पुणे): दीड महिन्यापूर्वी चार इंची व्होलिटन्स (मोठा होणारा लायनफिश) घेतला. दुकानदार म्हणाला रोज दोन बारीक गोल्डफिश सोडा, बाकी काही बघू नका. मासा झटक्यात गिळतो, तब्येतही चांगली दिसते. मग लोक गोल्डफिश नको का म्हणतात?

कारण त्रास लगेच दिसत नाही हो. सहा महिने, कधी वर्षभर सगळं छान चालतं आणि मग एके दिवशी मासा खाणं सोडतो, तिरका पोहायला लागतो, आणि तोपर्यंत आपल्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-वन व्हिटॅमिन मोडून टाकतं. रोज तेच पोटात गेलं की बाकी कुठून येणारं बी-वनही वाया जातं आणि त्याचा परिणाम नसांवर होतो. दुसरं म्हणजे चरबी. लायनफिश समुद्रातला मासा, त्याला समुद्री खाण्यातली ओमेगा-थ्री फॅटी अॅसिड्स लागतात, ती गोड्या पाण्याच्या माशात पुरेशी नसतात, उलट नको ती चरबी लिव्हरवर साठत जाते. गप्पी, मॉलीला थायमिनेजचं दूषण नाही पण चरबीचा मुद्दा त्यांनाही लागू आहेच. शिवाय दुकानातल्या फिडर टँकची, म्हणजे खाणं म्हणून विकायच्या माशांच्या टँकची, गर्दी तुम्ही बघितली असेल, तिथला रोगही सोबत घरी येतो.

आत्तापर्यंत दिले म्हणून घाबरू नका, दीड महिना फार नाही. पण आजपासून बंद करा, प्लीज.

प्रश्न (ठाणे): फ्रोझन कोळंबी टाकली की तळाला पडते आणि हा बघतही नाही. मेलेलं खायला शिकवायचं कसं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लायनफिशच्या लेखी जे हलत नाही ते खाणंच नाही. तो हळूहळू सरकत येतो, दोन्ही बाजूचे मोठे पंख पसरून भक्ष्याला कोपऱ्यात घेतो आणि मग तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्यामुळे तळाला पडलेली कोळंबी त्याला दगडासारखीच. ती हलवायचं काम आपल्याला करावं लागतं.

आधी जिवंत पण योग्य खाणं द्या, म्हणजे खाडीतली बारीक जिवंत कोळंबी मिळाली तर उत्तम. ती सोडायच्या आधी एक दिवस वेगळ्या डब्यात ठेवून चांगलं मरीन फूड खायला घाला, म्हणजे तिच्या पोटातलं तुमच्या माशाच्या पोटात जाईल. चार-पाच दिवसांनी एक जिवंत, एक मेलेली असं सुरू करा. मेलेली कोळंबी पारदर्शक अॅक्रिलिकच्या लांब काडीच्या टोकाला अगदी सैल अडकवायची, पंप बंद करायचा, आणि माशाच्या तोंडापासून वीतभर लांबून हळूहळू नेत मध्येच एक बारीक झटका द्यायचा. थांबायचं. परत झटका. घाईघाईने तोंडासमोर नाचवली की तो मागे सरतो. तेव्हा आपला हात जितका शांत तितकं काम लवकर.

माझ्याकडच्या फझी ड्वार्फने (ही लायनफिशची छोटी जात) अकरा दिवस लावले होते. रोज संध्याकाळी खोलीतला दिवा घालवून, टँकचा लाइट मंद करून बसायचो, कारण अंधार पडताना हे मासे जास्त शिकारीला निघतात. दहा दिवस तो यायचा, डोळे फिरवून कोळंबी बघायचा, डोळ्यांवरच्या झालरी थरथरायच्या, आणि परत दगडाखाली. अकराव्या दिवशी तसाच आला, थांबला, आणि काडीचं टोक एकदम रिकामं. तोंड उघडलेलं मला दिसलंच नाही, फक्त कोळंबीची एक मिशी ओठाबाहेर राहिली होती. त्यानंतर आठवड्याभरात काडी दिसली की स्वतःहून वर यायला लागला.

तुमचा मासा धष्टपुष्ट असेल तर चार-सहा दिवस उपाशी राहिला तरी चालतं, भुकेचा उपयोगच होतो. पण पोट आत गेलेलं, पाठ बारीक झालेली दिसली तर हट्ट सोडा, जिवंत कोळंबी द्या, अंगावर जरा मांस आलं की परत सुरू करा. न खाल्लेला तुकडा मात्र दहा मिनिटांत बाहेर काढा, नाहीतर पाण्यात विषारी अमोनिया वाढलाच म्हणून समजा.

प्रश्न (डोंबिवली): इंपोर्टेड फ्रोझन फूड परवडत नाही. मासळी बाजारातलं काय चालेल? सुकट चालेल का?

बाजारातलंच द्या, मीही तेच देतो. कोळंबी, माकुल आणि पांढऱ्या मांसाचा कुठलाही समुद्री मासा, हे आलटून पालटून. एकच एक देऊ नका, नुसत्या माकुलावर तर अजिबात ठेवू नका. बारीक कोळंबी सालासकट अख्खी द्या, मोठी असेल तर डोक्यावरचा टोकदार काटा मोडून तुकडे करा. ओला जवळा लहान लायनफिशला फार आवडतो. मांदेली मी टाळतो, ती अँचोव्हीच्या घराण्यातली आणि त्या घराण्यात बऱ्याच माशांत थायमिनेज असतं. बांगडा, तारली तेलकट, पाण्यावर तवंग येतो आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) वेडा होतो. बोंबील पाणचट, काडीला टिकतच नाही. सुकट नको.

मासळी आणली की आधी साध्या पाण्याने, मग आरओच्या पाण्याने धुवा, एका वेळच्या तुकड्यांच्या पुड्या बांधा आणि देण्याआधी निदान आठवडाभर डीप फ्रीझरला ठेवा, त्याने बरेचसे जंत मरतात. थायमिनेज मात्र फ्रीझ करून जात नाही, ते लक्षात ठेवा. मीठ, हळद, लिंबू काही लावायचं नाही, शिजवायचंही नाही. तुकडा माशाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा, त्याहून मोठा नको. आठवड्यातून दोनदा देण्याआधी बी-वन असलेल्या मरीन व्हिटॅमिनमध्ये पंधरा-वीस मिनिटं भिजवा.

प्रश्न (नाशिक): आमचा रोज काचेला येऊन तोंड उघडतो, मुलांना राहवत नाही, घातलं की खातोच. दिवसातून दोनदा देतोय. जास्त होतंय का?

हो, खूप जास्त होतंय. समुद्रात पुढचं जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसतो म्हणून या माशाचं पोटच तसं बनलंय, भरपूर मिळालं तर तिसेक पट फुगू शकतं. तो "बास" म्हणणारच नाही. आपणच म्हणायचं.

चार इंचांपर्यंतच्या पिल्लाला एक दिवसाआड थोडं थोडं, वाढलेल्याला आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. खाल्ल्यावर पोट हलकं गोल दिसावं, लिंबू गिळल्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशीही पोट तेवढंच फुगलेलं असेल तर पुढचं जेवण कमी करा. मुलांना कॅलेंडरवर खुणा करायला लावा, जेवणाच्या दिवशी काडी त्यांच्या हातात द्या, शेजारी उभं राहून. त्यांची हौसही होते आणि माशाचं आयुष्यही वाढतं.

प्रश्न (कोल्हापूर): सहा दिवस काही खाल्लं नाही, अंगावर पांढरट पापुद्रा दिसतोय. फंगस आहे का? औषध टाकू?

थांबा, औषध टाकू नका. लायनफिश कात टाकतो, म्हणजे अंगावरचा पातळ थर मधूनमधून सोडतो. ओला टिश्यू पेपर फाटावा तसे तुकडे सुटतात, मासा अंग झटकतो, एक-दोन दिवस जेवतही नाही. पण सहा दिवस जरा जास्त आहेत, त्यामुळे आजच अमोनिया, नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य पाहिजेत, खारेपणा (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) 1.023 ते 1.025 आणि तापमान 24 ते 27 अंश. पाण्यात काही निघालं तर 20-25 टक्के पाणी बदला. पाणी ठीक असेल तर त्याचं तोंड नीट बघा, जांभई दिल्यासारखं उघडून परत मिटतंय ना? ते नॉर्मल आहे. उघडंच राहत असेल, किंवा श्वास भरभर चालला असेल, तर माशांचं कळणाऱ्या व्हेटला दाखवा, वाट बघू नका.

प्रश्न (पणजी): सोबत क्लीनर श्रिंप (एक छोटी कोळंबी) आणि छोटे डॅमसेल मासे ठेवले तर?

त्याचं जेवण होईल. तोंडात मावतं ते सगळं तो खातो.

प्रश्न (मुंबई): खाणं देताना बायकोच्या बोटाला काटा लागला, प्रचंड दुखत होतं. पुढच्या वेळी काय करायचं?

पुढची वेळ येऊच देऊ नका, हाताने भरवणं आजपासून बंद. पाठीवरचे 13, पोटाकडचे 2 आणि शेपटीजवळच्या खालच्या पंखाचे 3 काटे विषारी असतात, आणि काडीची सवय झालेला मासा हात दिसला तरी धावत येतो.

लागलंच तर बोट सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 43 ते 45 अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने त्याचा जोर कमी होतो. पाणी दुसऱ्याने स्वतःच्या हाताने तपासावं, दुखऱ्या हाताला चटका समजत नाही. बर्फ लावू नका. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, धाप लागली, चक्कर आली, सूज वर चढायला लागली तर सरळ हॉस्पिटल. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या. वहिनींचं बोट अजून सुन्न किंवा लाल असेल तर आजच दाखवा.

प्रश्न (न्यू जर्सी): तीन आठवडे भारतात येतोय. बारा इंची व्होलिटन्स आहे. शेजाऱ्याला चावी देऊ की उपाशी राहील?

मोठा, निरोगी लायनफिश अनेक आठवडे उपाशी तग धरतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे, त्यामुळे जिवाची काळजी नको. तरी मी शेजाऱ्याला सांगेन, पण आठवड्यातून एकदाच. सिल्व्हरसाइड (फ्रोझन मिळणारे छोटे चंदेरी मासे) आणि कोळंबीच्या तीन पुड्या करा, प्रत्येकीवर तारीख लिहा, बाकीचं फ्रोझन फूड नजरेआड ठेवा, कारण शेजारी प्रेमाने जास्तच घालतो. निघायच्या आधी एकदा त्याच्या हातात काडी देऊन तुमच्यासमोर भरवायला लावा. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी साध्या आरओच्या पाण्यानेच भरायचं, मिठाच्या नाही, हे चिठ्ठीवर लिहून टँकलाच चिकटवा.