वाचकांचे प्रश्न : सेटमध्ये एकच वस्तू दोनदा का दिसते?

प्रश्न : मी जावा शिकते आहे. 'विद्यार्थी' नावाचा क्लास केला आहे, त्यात हजेरी क्रमांक आणि नाव अशी दोन फील्ड आहेत. एकच विद्यार्थी दोनदा येऊ नये म्हणून हॅशसेट (एकच गोष्ट दोनदा न ठेवणारा संग्रह) वापरला. तरी क्रमांक 5 आणि तेच नाव देऊन दोन ऑब्जेक्ट तयार केले की दोन्ही आत जातात, साइज 2 येते. स्ट्रिंग टाकल्या तर मात्र बरोबर एकच राहते. असे का?

उत्तर : कारण तुमच्या मते दोन विद्यार्थी 'तेच' कधी मानायचे, हे तुम्ही जावाला सांगितलेलेच नाही. न सांगितल्यास जावा मेमरीतला ऑब्जेक्ट बघते. 'न्यू' दोनदा लिहिले, म्हणजे ऑब्जेक्ट दोन, मग आतली माहिती तंतोतंत सारखी का असेना. स्ट्रिंगच्या क्लासमध्ये हे काम आधीच करून ठेवलेले आहे, म्हणून तिथे अडचण येत नाही.

सांगायचे ते दोन मेथडमधून : इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणारी) आणि हॅशकोड (ऑब्जेक्टवरून एक पूर्णांक काढून देणारी). दोन्ही लिहायच्या, एक लिहून भागत नाही. हॅशसेट आत शोधतो कसा ते पाहिले की कारण कळते. आत एक तक्ता असतो. सुरुवातीला त्यात 16 खण असतात आणि तीन-चतुर्थांश भरला की तो दुप्पट होतो. नवा ऑब्जेक्ट आला की आधी हॅशकोड विचारला जातो आणि त्यावरून खण ठरतो. मग फक्त त्या खणातल्या ऑब्जेक्टशी इक्वल्सने तुलना होते, तीही हॅशकोड जुळला तरच. तुम्ही इक्वल्स लिहिली पण हॅशकोड नाही, तर तुमचे दोन 'सारखे' विद्यार्थी बहुधा वेगवेगळ्या खणांत जातील आणि इक्वल्स विचारलीच जाणार नाही. उलट, फक्त हॅशकोड लिहिला तर खण एकच मिळेल, पण तिथे मूळची इक्वल्स 'वेगळे' असेच म्हणेल.

नियम असा : इक्वल्स 'हो' म्हणत असेल तर दोघांचे हॅशकोड सारखे असलेच पाहिजेत. उलटे मात्र खरे नाही. जावात 'यश' आणि 'रग' या दोन्ही स्ट्रिंगचा हॅशकोड 75239 येतो (दोन अक्षरांच्या स्ट्रिंगसाठी पहिल्या अक्षराचा युनिकोड क्रमांक गुणिले 31, अधिक दुसऱ्याचा, करून पाहा). तरी दोन्ही शब्द एकाच सेटमध्ये सुखाने राहतात, कारण शेवटचा निकाल इक्वल्स देते. म्हणून 'हॅशकोड सारखा आला, म्हणजे ऑब्जेक्ट तोच' असा कोड कधीही लिहू नका.

आता मेथड लिहिण्याआधी एक गोष्ट ठरवा : ओळख कशावरून? तुमच्या उदाहरणात हजेरी क्रमांक पुरे. नाव त्यात घेऊ नका. नावात एखादी दुरुस्ती झाली, तर माणूस बदलत नाही. इक्वल्समध्ये जी फील्ड घ्याल, हॅशकोडमध्ये त्याबाहेरचे एकही घेऊ नका. सोपा मार्ग म्हणजे दोन्हीकडे तीच फील्ड ठेवणे.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक इक्वल्सच्या पॅरामीटरमध्ये असते. तिथे प्रकार 'ऑब्जेक्ट' हवा. 'विद्यार्थी' लिहिलात तर ती वेगळीच मेथड होते. कंपायलर काही बोलत नाही आणि हॅशसेट तिला कधी हाक मारत नाही. मेथडवर 'ओव्हरराइड' हे ॲनोटेशन लावा, म्हणजे ही चूक कंपाइल करतानाच पकडली जाते. जावा 16 किंवा पुढची आवृत्ती असेल आणि सगळीच फील्ड ओळखीत मोजायची असतील, तर साधा क्लास न करता रेकॉर्ड (फक्त माहिती ठेवण्यासाठीचा आटोपशीर क्लास) करा, दोन्ही मेथड आयत्या मिळतात. पण रेकॉर्ड नावही मोजतो, हे ध्यानात ठेवा.

आणि ॲड मेथड काय परत करते ते बघत चला. ऑब्जेक्ट आत गेला तर ट्रू, आधीच होता तर फॉल्स. फॉल्स आला तर जुनाच ऑब्जेक्ट आत राहतो, नवा त्याची जागा घेत नाही. नव्या नावाची नोंद हवी असेल तर आधी रिमूव्ह, मग ॲड.

प्रश्न : इक्वल्स, हॅशकोड दोन्ही व्यवस्थित लिहिले आहेत. सेटमधल्या एका विद्यार्थ्याचा क्रमांक सेटरने (फील्डची किंमत बदलणाऱ्या मेथडने) 5 चा 12 केला. आता 'आत आहे का' सांगणारी कंटेन्स फॉल्स देते, रिमूव्ह होत नाही, पण लूप फिरवला की तो समोर दिसतो! सेट बिघडला का?

उत्तर : बिघडला, आणि बिघडवला तुम्ही. ऑब्जेक्ट आत गेला तेव्हा क्रमांक 5 होता, हॅशकोड 5 धरला तर तो 5 क्रमांकाच्या खणात बसला. क्रमांक बदलल्याचे सेटला कोणी कळवत नाही. आता 12 शोधलात तर सेट 12 च्या खणात बघतो, तो रिकामा. 5 शोधलात तर खण बरोबर सापडतो, पण इक्वल्स म्हणते की याचा क्रमांक तर 12. दोन्हीकडून हुकला. तोच ऑब्जेक्ट पुन्हा ॲड केलात तर तोही आत जाईल आणि एकच ऑब्जेक्ट सेटमध्ये दोनदा दिसेल. तक्ता मोठा झाला की आपोआप सुधारेल अशी आशाही धरू नका, कारण आत जाताना काढलेला हॅशकोड साठवून ठेवलेला असतो आणि फेरमांडणीत तोच वापरला जातो.

तूर्तास उपाय म्हणजे त्या सेटमधले सगळे घेऊन नवा हॅशसेट बनवणे. यापुढे क्रम पाळा : आधी काढा, मग बदला, मग पुन्हा टाका. त्याहून बरे म्हणजे क्रमांकाचे फील्ड 'फायनल' (एकदा दिल्यावर न बदलणारे) करा आणि तो सेटर उडवून टाका. नावाचा सेटर खुशाल राहू दे.

प्रश्न : गुणांप्रमाणे यादी हवी म्हणून ट्रीसेट (क्रमाने लावून ठेवणारा सेट) घेतला. 40 विद्यार्थी टाकले, 23 उरले. बाकीचे कुठे गेले?

उत्तर : सारख्या गुणांचे विद्यार्थी गळले. ट्रीसेट इक्वल्स आणि हॅशकोडकडे ढुंकूनही पाहत नाही. तुलना करणाऱ्या मेथडने शून्य दिले की त्याच्या लेखी दोन्ही एकच. तुलनेत फक्त गुण असतील, तर 72 गुणांचा दुसरा विद्यार्थी बाहेरच राहणार. गुणांनंतर 'देन-कम्पेअरिंग' लावून हजेरी क्रमांकाचीही तुलना जोडा. हाच फरक बिगडेसिमलमध्ये (दशांश संख्यांसाठीच्या जावाच्या क्लासमध्ये) दिसतो : 2.0 आणि 2.00 हॅशसेटमध्ये दोन राहतात, ट्रीसेटमध्ये एकच.

नुसता टाकल्याचा क्रम टिकवायचा असेल तर लिंक्डहॅशसेट घ्या. गुणांची यादी एकदाच छापायची असेल, तर सेटच्या भानगडीत न पडता लिस्टला सॉर्ट करा.

प्रश्न : मग लिस्टच वापरून, टाकण्याआधी 'आहे का' तपासले तर काय बिघडते?

उत्तर : शे-दोनशे नोंदींना काहीही नाही. पण प्रत्येक तपासणी यादीवर पहिल्यापासून चालत जाते. 10,000 वेगवेगळ्या नोंदी अशा टाकल्या तर 4,99,95,000 तुलना होतात. हॅशसेटला नोंदीमागे सहसा एखाद-दुसरीच लागते.

प्रश्न : पायथॉनमध्ये लिस्ट सेटमध्ये टाकली तर 'अनहॅशेबल' अशी एरर येते. माझ्या स्वतःच्या क्लासमध्ये तुलनेची 'ईक्यू' मेथड लिहिल्यावर त्यालाही तीच एरर. आधी तर चालत होते!

उत्तर : लिस्ट बदलता येते, म्हणून पायथॉन तिला दारातच अडवते. वरच्या दुसऱ्या प्रश्नातला घोटाळा तिथे होऊच दिला जात नाही. लिस्टचा टपल (न बदलणारी यादी) करा, सेटच्या आत सेट हवा तर फ्रोझनसेट (न बदलणारा सेट). क्लासचे म्हणाल तर पायथॉन 3 मध्ये नुसती ईक्यू लिहिली की मूळची 'हॅश' मेथड काढून घेतली जाते. ईक्यूमधलीच फील्ड टपलमध्ये घालून त्या टपलचा हॅश परत करणारी मेथड लिहा, किंवा डेटाक्लास वापरून 'फ्रोझन' ट्रू ठेवा. 1, 1.0 आणि ट्रू हे तिन्ही पायथॉनला समान आहेत, त्यामुळे तिघांचा सेट केला की एकच उरतो. रिकामे महिरपी कंस लिहिले तर सेट नव्हे, डिक्शनरी मिळते.

जावास्क्रिप्टवाल्यांसाठी : तिथल्या सेटला समानतेचा नियम शिकवायची सोयच नाही, ऑब्जेक्ट तोच असेल तरच 'तोच'. मॅप घ्या, क्रमांक ही की ठेवा आणि ऑब्जेक्ट ही व्हॅल्यू. एकाच कीची दुसरी नोंद आली तर ती पहिलीच्या जागी बसते, हे मात्र जावाच्या सेटच्या उलट.

प्रश्न : मराठी नावांचा सेट केला. 'गोऱ्हे' दोनदा छापले जाते, डोळ्यांना फरक दिसत नाही.

उत्तर : 'ऱ' एक अक्षर म्हणूनही साठवता येतो, किंवा 'र' अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन अक्षरांनीही. दिसायला सारखे, स्ट्रिंग म्हणून वेगळे. सेटमध्ये टाकण्याआधी प्रत्येक नाव 'एनएफसी' या ठरावीक युनिकोड रूपात आणा, म्हणजे दोन्ही 'ऱ' एकसारखे साठवले जातील. जावात त्यासाठी नॉर्मलायझर क्लास आहे, पायथॉनमध्ये युनिकोडडेटा मॉड्यूल.

एवढ्याने भागले नाही तर तिसरी शक्यता : काही कीबोर्डवर हेच 'र', हलन्त आणि झीरो-विड्थ-जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह) असे टाइप होते. एनएफसी त्याला हात लावत नाही. जॉइनर सरसकट पुसू नका, नाहीतर 'दऱ्या'चा 'दर्या' होईल आणि दोन वेगळे शब्द एक ठरतील. आधी 'र, हलन्त, जॉइनर' ही तिकडी शोधून तिच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला, नंतर एनएफसी करा, आणि मागे-पुढे राहिलेली मोकळी जागा छाटूनच नाव सेटमध्ये टाका.