नेरूदांच्या दाढेतून काय कळतं?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, चिलीचे कवी पाब्लो नेरूदा कर्करोगाने गेले की त्यांना विष दिलं? मृत्यू 1973 चा, आणि आता दाढेत जिवाणू सापडला म्हणतात. इतक्या जुन्या दाढेवर विश्वास ठेवायचा का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : दाढेवर ठेवा. तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षावर घाईने ठेवू नका.

किनाऱ्यावरच्या ग्रामीण रुग्णालयात मी बरीच वर्षं शवविच्छेदनं केली. आपल्या जांभ्या मातीत पुरलेली हाडं भुसभुशीत होतात, पण दात शाबूत मिळतात. दाताच्या कठीण कवचाआड रक्तवाहिन्या असतात. जिवंतपणी रक्तात जे फिरत होतं त्याची खूण तिथे राहू शकते. नेरूदांचे अवशेष एप्रिल 2013 मध्ये इस्ला नेग्रा इथे, त्यांच्या समुद्राकाठच्या घराजवळ उकरून काढले. 2017 मध्ये तज्ज्ञांना दाढेत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू सापडला. तो मातीतून शिरलेला नाही, मृत्यूच्या वेळी शरीरातच होता, असं 2023 मध्ये कॅनडा आणि डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं.

पण हा जिवाणू विष तयार करतो. ते विष मिळालेलं नाही. तो सुईतून आला की खराब अन्नातून, हेही दाढ सांगत नाही. बोट्युलिझमचा, म्हणजे या विषाच्या बाधेचा, रुग्ण शुद्धीवर असतो. पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. खाण्यातून विषबाधा झाली तर लक्षणं दिसायलाच बहुधा बारा ते छत्तीस तास लागतात. नेरूदांचे ड्रायव्हर मानुएल अराया यांनी 2011 मध्ये सांगितलं की दवाखान्यात पोटात इंजेक्शन दिलं आणि त्याच रात्री, 23 सप्टेंबरला, नेरूदा गेले. हा वेळ मला जुळत नाही. म्हणून अराया खोटं बोलले असं मी म्हणणार नाही; सुईत दुसरं काही असू शकतं.

मला संशय आहे तो मृत्यूच्या दाखल्याचा. कारण लिहिलंय प्रोस्टेटच्या कर्करोगामुळे शरीर खंगणं. कर्करोग होताच. पण खंगलेला माणूस मी घरोघरी खाटेवर पाहिलाय, गालफडं बसलेली, मनगटात घड्याळ न ठरणारा. नेरूदा अंगाने भरलेले होते आणि 2017 च्या तज्ज्ञांनीही हे कारण साफ फेटाळलं. चिलीतल्या लष्करी उठावाला बारा दिवस झालेले, कवी मेक्सिकोला निघायच्या तयारीत, आणि शवविच्छेदन नाही! याचा मला आजही राग येतो. आपल्याकडे होडीवरून पडलेल्या खलाशाचंही पोस्टमॉर्टेम होतं. गरज वाटली तर व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, मिठाच्या द्रावणात बाटलीबंद करून लॅबला जातो. नोबेल मिळालेल्या कवीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये सांतियागोच्या न्यायालयाने तपास पुन्हा सुरू करायला सांगितलं. त्यात दाखल्याच्या हस्ताक्षराची तपासणीही आहे, आणि माझ्या मते तीच आधी व्हावी. अराया 2023 मध्ये वारले. त्या रात्रीच्या पाळीतलं कोणी हयात असेल तर त्याला एवढंच विचारावं: पापण्या पडल्या होत्या का, आणि पाणी गिळता येत होतं का?